सरांचे ठिपके

मी खडकांत जीव शोधते. म्हणजे नोकरी त्यासाठी आहे. प्रत्यक्षात मी वर्षानुवर्षं 'यात जीव नाही' असंच सांगत आले आहे, आणि ते ऐकायला कोणालाच आवडत नाही.

खडक फार जुने, अब्जावधी वर्षांपूर्वीचे. त्या काळी ना झाड, ना मासा, ना शिंपला. असलेच तर चिखलात वाढणारे एकेका पेशीचे जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. त्यांचं आज खडकात काय उरतं, तर एखादा काळा ठिपका नाहीतर तुटकी रेघ. अडचण अशी, की खडकाला स्वतःहूनही काळे ठिपके पडतात. पाण्याबरोबर कार्बनचा कण भेगेत शिरतो, गोल होऊन बसतो, आणि मायक्रोस्कोपखाली इतका शहाण्यासारखा दिसतो की उतावळ्या माणसाने त्याला लगेच लॅटिन नाव द्यावं. उतावळ्या माणसांची आमच्या शास्त्रात कधीच टंचाई नव्हती.

आमच्या सरांनी उमेदीच्या काळात असे पुष्कळ ठिपके शोधले होते आणि प्रत्येकाचं बारसं केलं होतं. एकाला आईचं नाव, एकाला गुरूंचं, एकाला गावच्या नदीचं, आणि एकाला, असं सगळे म्हणत, त्या वर्षी त्यांची बढती ज्यांच्या हातात होती त्या गृहस्थांचं. माझी पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली झाली. अगदी सुरुवातीला मी एकदा म्हणाले होते, "सर, हा ठिपका भेगेत आहे. नंतर आत शिरलेला असू शकेल." त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "अहो बाई, भेग तुमच्या डोक्यात आहे." सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी कोणीही ती स्लाइड पाहिलेली नव्हती.

सर निवृत्त झाले, मीही केस पिकायच्या वयाला आले, आणि मग टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संस्थेला अचानक जाग आली. जगभर जुन्या सूक्ष्म जीवाश्मांची फेरतपासणी चालली आहे, तेव्हा आपणही आपल्या संग्रहाची करावी, असं ठरलं. संग्रह म्हणजे मुख्यतः सरांचे ठिपके. प्रकल्प मंजूर झाला आणि त्याला एक प्रकल्पप्रमुख मिळाले. या गृहस्थांनी एके काळी मुठा नदीच्या वाळूवर प्रबंध लिहिला होता. त्यानंतर त्यांनी मायक्रोस्कोपमध्ये डोकावल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही. पण त्यांचे शर्ट फार चांगले इस्त्री केलेले असत आणि दिल्लीहून फोन आला की ते उभं राहून बोलत. एवढ्या भांडवलावर आमच्याकडे माणूस प्रमुख होतो.

कामाचा नियम मात्र चांगला होता, कारण तो बाहेरून आला होता. प्रत्येक स्लाइड दोघांनी स्वतंत्रपणे पाहायची, एकमेकांना न विचारता. स्लाइड म्हणजे काचपट्टीवर राळेने चिकटवलेला खडकाचा केसाहून पातळ काप. तीन ट्रे होते: जीव, जीव नाही, आणि संशयास्पद. दोघांचं मत जुळलं तर स्लाइड त्या वर्गात जाईल, नाही जुळलं तर संशयास्पद. पाहणारी एक मी, आणि दुसरे, मूळ संशोधक म्हणून मानाने बोलावलेले, सर. स्वतःच्या पेपराची तपासणी ज्याची त्यानेच करावी, तसा प्रकार. मी हे बोलून दाखवलं.

"मॅडम, सरांचं नाव आहे म्हणून फंडिंग आलं," प्रकल्पप्रमुख म्हणाले. "आणि हो, ती डाउटफुल कॅटेगरी फार मोठी होऊ देऊ नका. वाचणाऱ्याला डाउट आवडत नाही."

"खडक दुसरे आणायचे का मग?" मी विचारलं. ते हसले. समजलं नाही की ते हसत.

आम्हाला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दिली होती. दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप, आणि आमच्या पाठी एकमेकांकडे. सर शनिवार पेठेतून रिक्षाने येत. ताठ चाल, पांढरा स्वच्छ सदरा, जिना चढताना कठड्याला हात नाही. कोणाला नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. बायकांना 'अहो बाई', पुरुषांना 'अहो साहेब', शिपाई असो की संचालक. मला तो त्यांचा माज वाटे. माझ्याशी ते कामापुरतंही बोलत नसत, मी खुर्ची ओढली तर म्हणत, "बाई, इथे विचार चाललाय."

विचार फार वेगात चालत असे. मी एका स्लाइडवर सकाळ घालवायची आणि तेवढ्यात त्यांची अख्खी चळत उरकलेली असायची. प्रत्येक स्लाइडवर ते मोठ्याने निकाल देत, जणू मागे लघुलेखक बसला आहे. "गोल पेशी. भिंत सुस्पष्ट. जीव." "साखळी. विभाजनाच्या अवस्थेत. जीव." मधूनच एखादी स्लाइड संशयास्पदमध्ये टाकत आणि म्हणत, "आम्ही काही आंधळे भक्त नाही." नियमाप्रमाणे मला त्यांचं मत ऐकू यायला नको होतं. पण त्यांच्या मताचा माझ्यावर परिणाम होण्याचे दिवस केव्हाच गेले होते. उलट, त्यांनी 'सुस्पष्ट' म्हटलं की मी तिथे अंमळ जास्त बारकाईने पाहत असे.

मनात मात्र चीड साठत होती. हा माणूस एवढ्या वर्षांत काहीच शिकला नाही. जग पुढे गेलं, आता ठिपका दिसला की आधी विचारतात, हा खडकाच्या आतला आहे का, खडकाच्याच वयाचा आहे का, आणि मग शेवटी, तो जिवंत होता का. सरांना एकच प्रश्न येत होता आणि त्याचं उत्तर त्यांना जन्मतः माहीत होतं.

एका सकाळी मी कपाटातून स्लाइड घ्यायला उठले. परत वळताना माझी नजर त्यांच्या टेबलावर गेली. ते मायक्रोस्कोपवर वाकलेले, उजव्या हाताने फोकसचा स्क्रू अगदी हळुवार फिरवत होते. स्लाइडखाली मात्र अंधार होता. खोली झाडताना दिव्याची पिन निघाली होती. ती भिंतीशी लोंबकळत होती.

"पेशींची साखळी," सर म्हणाले. "भिंती अबाधित. जीव."

स्लाइड ट्रेमध्ये गेली. दुसरी आली. मी हलले नाही. जरा बाजूला सरकून पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते. आयपीसला टेकवलेले आणि चक्क मिटलेले, देवळात हात जोडल्यावर मिटतात तसे.

"गोल. जोडीने. जीव."

मी माझ्या जागी जाऊन बसले. धक्का वगैरे बसला असं म्हणणार नाही. मला वाटलं, बरोबर आहे. यांनी कायम असंच काम केलं असणार. फक्त आज मला ते दिसलं.

दुपारी मी प्रकल्पप्रमुखांकडे गेले. सांगितलं, की सरांच्या मायक्रोस्कोपचा दिवा बंद होता, डोळे बंद होते, आणि निकाल चालू होते.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सरांना दिसत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"दिसतं की नाही ते मला माहीत नाही. ते पाहत नाहीत, एवढं माहीत आहे."

"मॅडम, इतक्या वर्षांचा एक्सपीरियन्स आहे त्यांचा. अशा माणसाला स्लाइड बघायची गरज नसते."

हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू मीटिंग आहे. बाहेरचे एक्सपर्ट येतायत. तिथे प्लीज असलं काही नको."

तिथेच करायचं, हे मी जिना उतरताना ठरवलं. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

बैठकीला सगळे आले. बाहेरचे तीन तज्ज्ञ, आमच्या संस्थेतले विभागप्रमुख, झालंच तर प्रशासनातले दोघं, ज्यांचा जीवाश्मांशी संबंध चहाच्या बिलापुरता. मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून समोरच्या भिंतीवर चित्र पाडायची सोय केली होती. सर पहिल्या रांगेत मधोमध बसले. त्यांच्यासाठी गुच्छ होता.

मी चार बऱ्या स्लाइड दाखवल्या. मग मुद्दाम एक जुनी स्लाइड लावली आणि ती सरकवत कडेला नेली, जिथे खडकाचा काप संपतो आणि नुसती राळ उरते. तिथे राळेत हवेचा एक बुडबुडा अडकला होता. काळी जाड कड, आत लखलखीत पांढरं. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला बुडबुडा दाखवतात, म्हणजे पुढे आयुष्यात कधी त्यांनी त्याला दुसरं काही समजू नये. भिंतीवर तो घमेल्याएवढा दिसत होता.

"सर," मी म्हणाले, "ही आपली स्लाइड. यात आपल्याला काय दिसतं ते सांगाल का?"

सर उठले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, पण थेट नाही. मान किंचित वळवून, जरा बाजूला. मग आवाज लावला. "ही एकटी पेशी आहे. गोलाकार. भिंत जाड आणि अबाधित, आतला भाग मोकळा. मी जेव्हा हिचं वर्णन केलं तेव्हा या देशात असं काही असेल यावर कोणाचा विश्वास नव्हता."

माझं पुढचं वाक्य तयार होतं. पण त्याआधी मला वाटलं, कोणीतरी हसेल. निदान कोणी घसा खाकरेल. मी खोलीभर पाहिलं.

सगळे माना डोलवत होते. तज्ज्ञांपैकी एक जण पुढे झुकून म्हणाले, "भिंतीची जाडी किती एकसारखी आहे पाहा. असं प्रिझर्व्हेशन दुर्मीळ." दुसऱ्यांनी विचारलं, ही पेशी विश्रांतीच्या अवस्थेतली असू शकेल का. तिसऱ्यांनी मोबाइलवर फोटो काढला. आमच्या विभागप्रमुखांना तो बुडबुडा आहे हे माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. प्रकल्पप्रमुख हातातल्या कागदावर लिहीत होते. मला उलटंसुद्धा वाचता येत होतं: जीव, उत्कृष्ट नमुना.

मी सरांसाठी वाक्य पाठ करून आणलं होतं. ते आता एकट्या सरांच्या मापाचं राहिलं नव्हतं, आणि अख्ख्या खोलीला पुरेल असं दुसरं मला सुचेना. मी दिवा बंद केला. तेवढ्यात बटाटेवडे आले आणि शास्त्र संपलं.

खाली उतरताना सर माझ्या मागे होते. पहिल्या वळणावर त्यांनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता, मी दचकले.

"बाई, काय होतं ते?"

"कशाचं काय होतं?"

"भिंतीवर. तुम्ही मला काय दाखवलंत?"

मी सांगितलं, "बुडबुडा."

"राळेतला?"

"हो."

"सगळ्यांना दिसत होता?"

"घमेल्याएवढा."

"आणि कोणी बोललं नाही?"

"नाही. एकांनी फोटो काढला."

सर हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. जिन्यातून जाणाऱ्या लोकांना वाटलं असेल, म्हातारा रडतोय. मग ते पायरीवरच बसले, त्या पांढऱ्या सदऱ्यानिशी, आणि म्हणाले, "बसा."

मी बसले.

"मला मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी आहे. कडेचं दिसतं. जिना दिसतो, रिक्षा दिसते, तुमची साडी दिसते. तुमचं तोंड दिसत नाही, त्याचं मला दुःख नाही. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं."

"केव्हापासून?"

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून. त्याआधी मी ते मान्य केलेलं नव्हतं."

"दिवा बंद होता तुमचा. आणि डोळे मिटले होते."

"उजेड आहे की नाही ते मला कळतं हो. पण कळून करायचं काय? मिटले की जरा आराम पडतो."

"मग निकाल कशाच्या जोरावर देत होतात?"

"माझ्या स्लाइड आहेत. मी त्यांना जीव म्हटलं होतं, ते छापून आलंय. त्यात पुन्हा बघण्यासारखं काय होतं?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि घरी बसून काय करू? सून चांगली आहे. दिवसभर मला विचारते, काही हवंय का. माणूस वेडा होईल."

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हणाले, "तुम्ही आम्हाला आयुष्यभर हेच शिकवलंत, सर. डोळे मिटून सांगायचं."

"चुकताय," सर म्हणाले. आवाज एकदम वर्गातला झाला. "मला तेव्हा दिसत होतं. चुकीचं दिसलं असेल, पण मी बघत होतो. मी एकेक गोष्ट पुढे ठेवत होतो आणि वाट पाहत होतो की यातला एक तरी मूर्ख उठून विचारेल, हे कशावरून? कोणी विचारलं नाही. टाळ्या वाजवल्या. माणसाला सवय लागते."

"मी विचारलं होतं."

"तुम्ही?"

"भेगेबद्दल. तुम्ही म्हणालात, भेग माझ्या डोक्यात आहे."

सरांना आठवेना. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, ते दिसत होतं. शेवटी म्हणाले, "चांगलं वाक्य आहे. मी म्हटलं असेन."

मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं. शनिवार पेठेतल्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. उतरताना म्हणाले, "उद्या दोघांची टेबलं एक करा. तुम्ही बघा आणि मला सांगा. पण नीट सांगा. तुमच्या प्रबंधात लिहिलं होतंत तसं नको."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसं काम सुरू केलं. नियम अर्थातच मोडला होता. आता एकाच माणसाचे डोळे होते. पुढे अहवालात मी ते स्पष्ट लिहिलं. पण आधीही तेवढेच डोळे होते, फक्त ते कोणाला माहीत नव्हतं.

सर खुर्चीत मागे रेलून बसत, आणि मी मायक्रोस्कोपमधून बघत सांगत असे. मला वाटलं होतं, ते स्वतःच्या ठिपक्यांची वकिली करतील. झालं उलटंच. त्यांनी मला असे प्रश्न विचारले की एखादा परीक्षक लाजेल.

"काळा रंग कुठे आहे? गारगोटीच्या कणांच्या कडेकडेने, की कणांना न जुमानता आरपार?"

"कडेकडेने."

"नक्की? घाईत 'नक्की' म्हणू नका. फोकस खालीवर करा."

"कडेकडेनेच आहे, सर."

"मग तो कणांनी वाढताना बाजूला ढकललेला कार्बन आहे. पेशी कसली, नुसती जाळी. टाका तिकडे. कचरा."

कचरा हा शब्द ते इतक्या तृप्तीने उच्चारत की मला आधी शंका आली, हे माझ्यासाठी नाटक तर करत नाहीत? पण नाही. त्यांना खरंच मजा येत होती. आयुष्यभर दुसऱ्यांचा उद्धार करून झाल्यावर एक नवा माणूस त्यांच्या हाती लागला होता, तो म्हणजे ते स्वतः. "हे कोणत्या गाढवाने छापलं?" असं विचारत, आणि मी सांगे, "आपण." "संपादक कोण होता?" "तेही आपणच." "मग बरोबर आहे."

बढती देणाऱ्या गृहस्थांच्या नावाचा ठिपका आला तेव्हा मी अजून स्लाइड नीट लावलीही नव्हती. "तो राहू द्या," सर म्हणाले. "तो जीव नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. नाव तरी कोणाचं दिलं होतं, बघा ना." इथे मात्र मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, "या स्लाइडवर दोन मुलांनी पुढे काम केलंय. वर्षं घालवली त्यांनी." त्या दिवशी सर लवकर घरी गेले.

आईच्या नावाचा ठिपका त्यांनी बरेच दिवस लांबवला. 'आज ऊन फार आहे', 'आज तुमचा आवाज बसलाय' असं काहीतरी चालायचं. शेवटी मीच स्लाइड लावली आणि सांगितलं, ही ती आहे.

"कशी आहे?"

"दिसायला सुंदर आहे."

"मी दिसायला विचारलं का?"

"भेगेत आहे, सर. भेग राळेने भरलीये, आणि ठिपका राळेला लागून आहे. बुरशीचा कण असावा, अलीकडचा. स्लाइड बनवताना आत गेलेला."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी एकसुरी गाणं वाजवत होती.

"कचरा," सर म्हणाले. आणि मग, "तिला काही फरक पडणार नाही. मी प्राध्यापक झालो, यावरही तिचा विश्वास नव्हता."

एका स्लाइडवर मात्र आमचं जुळलं नाही. काळी, बारीक, वाकडी रेघ. कणांना न जुमानता आरपार गेलेली, आत आडवे पडदे असल्यासारखे वाटणारी. भेग नाही, राळ लांब. मी म्हटलं, रुंदी एकसारखी नाही, पडदे दोन ठिकाणी आहेत आणि बाकी ठिकाणी मला ते असावेत असं वाटतंय, संशयास्पद. सरांनी मला ती रेघ पुन्हा पुन्हा सांगायला लावली. मी वैतागून शेवटी त्यांच्या तळहातावर बोटाने काढून दाखवली.

"हा जीव आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"तुम्ही सांगताना घाबरताय त्यावरून. बाकीच्या वेळी तुम्ही कंटाळलेल्या असता."

"हा काही पुरावा नाही."

"पुरावा नाहीच. पण बाई, तुम्हाला आयुष्यात एकदा तरी 'हो' म्हणता येईल का? नाही म्हणणं सोपं आहे. मी हो म्हणून हसं करून घेतलं, तुम्ही नाही म्हणून अब्रू राखलीत. दोघांनीही खडक पाहिला नाही."

मला राग आला, आणि तो आजही गेलेला नाही. मी स्लाइड संशयास्पदमध्ये ठेवली. मतभेद असेल तर संशयास्पद, असा नियमच होता. सर म्हणाले, "नियमाच्या मागे लपताय." मी म्हणाले, "हो." त्यानंतर दोन दिवस आम्ही फक्त कणांविषयी बोललो.

सगळं उरकल्यावर जीवच्या ट्रेमध्ये मोजक्याच स्लाइड उरल्या. संशयास्पद ट्रे भरून दुसरा घ्यावा लागला. प्रकल्पप्रमुखांनी तो पाहिला आणि त्यांच्या इस्त्रीला पहिल्यांदा सुरकुती पडली.

"मॅडम, हे काय केलंत? हे मी प्रेझेंट कसं करू?" मग थोड्या वेळाने त्यांना युक्ती सुचली. "आपण 'संशयास्पद' हा शब्दच काढू या. 'संभाव्य जीव' म्हणू. पॉझिटिव्ह वाटतं."

मी म्हणाले, तसं असेल तर माझं नाव नको. ते म्हणाले, "ओके, तुमची इच्छा." इतक्या झटकन म्हणाले की त्यांनी तेही आधीच ठरवलं असावं.

हे मी सरांना सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसतं कळावं म्हणून. ते म्हणाले, मला प्रकल्पप्रमुखांच्या खोलीपर्यंत न्या. आत गेल्यावर प्रमुख उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत.

"अहो साहेब," सर म्हणाले, "शब्द बदलायचा नाही. बाईंचं नाव आधी, माझं नंतर."

"सर, पण प्रॉब्लेम असा आहे की..."

"प्रॉब्लेम माझा आहे. मला दिसत नाही. तुमच्या बैठकीतही दिसत नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगायला तयार आहे. मग लोक विचारतील, ज्यांना दिसत होतं त्यांनी त्या बुडबुड्यात काय पाहिलं. एकांनी फोटो काढलाय म्हणे. तुम्ही काय लिहून घेतलंत तेवढं मला सांगा."

प्रकल्पप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"बुडबुडा?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खरा होता की माझी खात्री झाली, त्यांना त्या क्षणापर्यंत खरोखरच माहीत नव्हतं. लबाडी असती तर मी त्यांना थोडा मान दिला असता.

अहवाल जसाच्या तसा छापला गेला. संशयास्पद वर्ग सगळ्यांत जाड. कोणी वाचला नाही. छोटासा प्रकाशन समारंभ झाला, त्यात त्या तिघा तज्ज्ञांपैकी एकांनी संशयाचं शास्त्रातलं स्थान यावर भाषण केलं, आणि टाळ्या मिळवल्या. प्रकल्पप्रमुखांना लवकरच याहून मोठा प्रकल्प मिळाला. आता ते डायनोसॉरच्या अंड्यांवर बोलतात. अंडं मोठं असतं, मायक्रोस्कोप लागत नाही.

सर संस्थेत यायचे बंद झाले. कारण विचारलं तर म्हणाले, तिथे बोलण्यासारखं कोणी नाही. अधूनमधून मीच त्यांच्या घरी जाते. कुठेतरी कोणीतरी आणखी जुन्या खडकात आणखी जुना जीव सापडल्याचा दावा केलेला असतो. मी तो लेख नेऊन वाचून दाखवते आणि आम्ही दोघं त्याची सालटी काढतो. त्यांची सून एकदा मला दारात हळूच म्हणाली, "ताई, येत जा. तुमच्याशी जितकं वाईट बोलतात ना बाबा, तितकं आता कोणाशीच बोलत नाहीत." मला वाटतं, तिने ते कौतुकाने सांगितलं.

मागच्या खेपेला अशाच एका लेखावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलेलं त्यांना पटलं नाही, त्यांनी म्हटलेलं मला बाष्कळ वाटलं, आणि मी तसं सांगून चहा अर्धा टाकून निघून आले. मार्केट यार्डाजवळ माझं घर आहे. तिथपर्यंत सिग्नलला सिग्नलला मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. दारात चप्पल काढते आहे तोच फोन वाजला. नंबर सुनेने लावून दिला असणार. नमस्कार नाही, काही नाही.

"अहो बाई," सर म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, पण कारण चुकीचं होतं. कागद घ्या, सांगतो."